भत्ता मिळाला, खोली मिळाली नाही

२००७ च्या जून महिन्यात मी मेळघाटातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर नर्स म्हणून रुजू झाले. जनरल नर्सिंगची पदविका हातात येऊन चार वर्षे झाली होती. तोवर अमरावतीच्या खासगी दवाखान्यांत रात्रपाळ्या केल्या होत्या. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात तेव्हा अकरा महिन्यांच्या करारावर नर्स भरत होते. नेमणूकपत्रात एक अट ठळक अक्षरांत होती : मुख्यालयी राहणे बंधनकारक.

मुख्यालय म्हणजे आरोग्य केंद्राचे गाव. केंद्रामागे नर्ससाठी बांधलेले निवासस्थान होते. छताची कौले फुटलेली, नळ कोरडा, दाराला कडी नाही, आत औषधांची रिकामी खोकी. म्हणून मी गावात भाड्याची खोली शोधायला निघाले. ते बाजाराचे गाव, मुख्य रस्त्यावर दुकानदारांची पक्की घरे. पहिल्या घरी पाठीमागच्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या. घरच्या बाईंनी बसायला सतरंजी टाकली, भाडे सांगितले आणि मग विचारले, "आडनाव काय म्हनलं तुमचं?" मी सांगितले. त्या आत गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "पोरगा येनार हाय वो दिवाळीले, खोली लागते." तेव्हा जून महिना चालू होता.

दुसऱ्या घरी आडनावाआधीच गाव विचारले, गावावरून वस्ती विचारली. तिसऱ्या घरी नुसतेच "नाही" म्हणाले. पुढचे नऊ दिवस मी बाळंतपणाच्या खोलीतल्या बाकावर झोपले. दहाव्या दिवशी जवळच्या वस्तीवरची आशाताई माझी पिशवी उचलूनच चालू लागली. ती कोरकू, नवीनच निवड झालेली. म्हणाली, "हमारे इधर रहो, सिस्टर." तिच्या घराच्या ओसरीला कुडाची भिंत घालून तिने मला खोली करून दिली.

हे आज सांगायचे कारण असे. दुर्गम भागात डॉक्टर, नर्स जायला तयार नाहीत, म्हणून सरकार भत्ते वाढवणार, अशी बातमी दर दोन-तीन वर्षांनी येते. बातमी वाचून आपण म्हणतो, एवढा पैसा देऊनही हे लोक जात नाहीत म्हणजे काय! तर सरकार नेमके काय देते, कोणाला देते आणि तरीही माणूस का टिकत नाही, हे एकदा नीट समजून घेऊ. यातला बराचसा भाग मी स्वतः जगले आहे.

कागदावर काय आहे?

महाराष्ट्रात आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्यांसाठी ६ ऑगस्ट २००२ चा शासन निर्णय आहे. त्यात 'एकस्तर' मिळतो. म्हणजे कर्मचारी तिथे असेपर्यंत त्याला त्याच्या वरच्या पदाची वेतनश्रेणी द्यायची. नक्षलग्रस्त भागात त्याशिवाय मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता आहे, पण त्याची कमाल मर्यादा दीड हजार रुपये. टक्केवारी ऐकायला मोठी वाटते. मर्यादा पाहिली की कळते, आजच्या पगारात तो भत्ता मोटारसायकलच्या पेट्रोललाही पुरणार नाही.

डॉक्टरांसाठी दुसरा मार्ग सक्तीचा आहे. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष शासकीय सेवा करायची, नाहीतर १० लाख रुपये भरायचे. पदव्युत्तर पदवीनंतर हीच रक्कम ५० लाख होते. या बंधपत्राचा अर्थ आपल्या लोकांनी लक्षात घ्यावा. ज्याच्या घरी पैसा आहे तो रक्कम भरून मोकळा होऊ शकतो. सेवा टाळता येत नाही ती शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुलाला. तो गावात जातो हे चांगलेच आहे. पण नियम सगळ्यांना सारखा असल्याचे सांगू नये.

तिसरा मार्ग पदव्युत्तर प्रवेशाचा. दुर्गम भागात केलेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला प्रवेश परीक्षेतल्या गुणांच्या १० टक्के, जास्तीत जास्त ३० टक्के वाढीव गुण देण्याची तरतूद वैद्यक परिषदेच्या नियमांत होती. सेवेतल्या डॉक्टरांसाठी राज्यांना पदव्युत्तर जागा राखून ठेवता येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी दिला. तरुण डॉक्टरला दुर्गम भागात आणणारे सगळ्यात मोठे आकर्षण आजही हेच आहे.

डॉक्टर आला आणि गेला

माझ्या केंद्रावरचे डॉक्टर असेच आलेले होते. माणूस भला. रात्री-अपरात्री उठायचे, रुग्णाशी तुटक्या कोरकूत बोलायचे. सेवेतल्या डॉक्टरांच्या कोट्यातून त्यांना पदव्युत्तर प्रवेश मिळाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. त्यांच्यानंतर ती जागा सात महिने रिकामी राहिली.

त्या सात महिन्यांतली एक रात्र सांगते. तिसऱ्या खेपेची बाळंतीण. बाळ झाले, वार पडली, पण रक्तस्राव थांबेना. माझ्याकडे होते ते इंजेक्शन दिले, सलाईन लावली, पोटावरून गर्भाशय चोळत बसले. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी दारात उभी होती, पण चालकाचे पद रिकामे होते. १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ साली आली, तेव्हा ती नव्हती. आशाताई अंधारात बाजारपेठेत पळत गेली आणि एका किराणा दुकानदाराला उठवून त्याची जीप घेऊन आली. मला खोली नाकारणाऱ्यांपैकी एकाचीच ती जीप होती. त्याने तोंडातून शब्द न काढता गाडी हाकली. बाई वाचली. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले, अजून अर्धा तास गेला असता तर हाती लागली नसती.

डॉक्टरांचा मला राग नाही. नियमाने त्यांना एक वचन दिले होते आणि ते पाळले. पण त्या वचनात गाव कुठे होते? वाढीव गुण आणि राखीव जागा यांनी डॉक्टर गावात येतो, आणि त्याच कारणाने एक दिवस निघूनही जातो. तो जाण्याआधी दुसरा यावा, एवढी साखळी तरी सरकारने जोडली पाहिजे. ती जोडली नाही तर प्रोत्साहनाचा लाभ डॉक्टरला होतो आणि रिकाम्या महिन्यांची किंमत बाळंतीण मोजते.

नर्सच्या वाट्याला काय?

माझी नेमणूक कंत्राटी होती. एकस्तर वेतनश्रेणीला लागतो. ठोक मानधनाला वेतनश्रेणीच नसते, म्हणून एकस्तरही नाही. अकरा महिन्यांनी करार संपायचा, एक-दोन दिवसांचा खंड पडायचा, पुन्हा नवा आदेश. आदेश येईपर्यंत आपण नोकरीत आहोत की नाही हे ठाऊक नसायचे. शेजारच्या टेबलावर बसलेल्या कायम नर्सताईला त्याच बाळंतपणाचा पगार माझ्या कितीतरी पट होता. दुर्गम भागात टिकावे म्हणून सरकार ज्या सवलती देते, त्या सगळ्यात कमी सुरक्षित माणसापर्यंत पोहोचतच नव्हत्या.

आज चित्र थोडे बदलले आहे. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले. त्यांना दरमहा २५ हजार रुपये मानधन आणि कामगिरीवर १५ हजारांपर्यंत मोबदला अशी रचना आहे. पण कामगिरी मोजायची ती ऑनलाइन नोंदींवरून. ज्या गावात मोबाईलला रेंज मिळवण्यासाठी टेकडीवर चढावे लागते, तिथे काम करूनही नोंद मागे राहते आणि नोंद राहिली की मोबदला कापला जातो. दुर्गम भागात राहण्यासाठी ठेवलेला पैसा दुर्गमपणामुळेच कमी व्हावा, हा उलटा न्याय आहे.

दहा वर्षांहून जास्त सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा निर्णय राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये काढला. त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना पुन्हा संपावर जावे लागले. दहा वर्षे जंगलात काढलेल्या बाईला 'तू आमची आहेस' एवढे म्हणायला इतका वेळ लागत असेल, तर नव्या मुलीने कशाच्या भरवशावर जायचे?

शेजारच्या राज्याने काय केले?

गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडने २००९-१० च्या सुमारास ग्रामीण वैद्यकीय दलाची योजना सुरू केली. त्यातल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे त्यांनी अख्ख्या जिल्ह्याला दुर्गम न म्हणता एकेक आरोग्य संस्था तपासली आणि अवघड, अतिअवघड, अगम्य अशी वर्गवारी केली. जितके केंद्र आत, तितका भत्ता जास्त. दुसरे म्हणजे हा भत्ता डॉक्टरांपुरता ठेवला नाही. स्टाफ नर्स आणि एएनएम यांनाही त्यात घेतले. सोबत निवास, विमा आणि डॉक्टरांना पदव्युत्तर प्रवेशासाठी वाढीव गुण अशी जोड दिली.

त्यामुळे छत्तीसगडचे सगळे प्रश्न सुटले असे नाही. पण दवाखाना एकटा डॉक्टर चालवत नाही, हे त्यांनी नियमात तरी लिहिले. आपल्याकडे 'रिक्त पदे' म्हटले की वर्तमानपत्र डॉक्टर मोजते. नर्स, एएनएम, चालक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्या रिकाम्या जागा बातमीत येत नाहीत. त्या रात्री माझ्याकडे डॉक्टर नव्हता हे खरे, पण बाई मरणाच्या दारात गेली ती चालक नव्हता म्हणून.

शेवटी टिकते कोण?

मी तिथे दोन वर्षे चार महिने राहिले. मग मीही निघून आले. मुलगी पोटात होती, नवरा अमरावतीत, करार संपलेला, नव्या आदेशाची तारीख कोणी सांगेना. आशाताई मला बसपर्यंत सोडायला आली. "कब आओगे?" म्हणाली. लवकरच, असे मी सांगितले. ते खरे नव्हते, हे आम्हा दोघींनाही कळत होते. म्हणून न टिकणाऱ्यांवर बोट दाखवण्याचा अधिकार मला नाही. त्यांच्यातलीच मी एक.

आशाताई मात्र आजही तिथेच आहे. नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जायचे, वजन करायचे, अंगाला हात लावून थंडावा पाहायचा, आईला दूध पाजायला शिकवायचे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी अशा सहा भेटी. सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये, म्हणजे एका भेटीचे सुमारे ४२. सरकारदरबारी तिचे नाव अजूनही 'स्वयंसेविका'च आहे. मोठ्या संपानंतर मार्च २०२४ मध्ये राज्याने आशांच्या मासिक मोबदल्यात ५ हजारांची वाढ केली. ती तिला लढून मिळाली, प्रोत्साहन म्हणून कोणी दिलेली नाही.

ती का टिकली? तिला कोणता भत्ता नव्हता. तिला खोली शोधावी लागली नाही, भाषा शिकावी लागली नाही आणि रात्री हाक आली तर कुठली पाऊलवाट घ्यायची हे तिला ठाऊक होते. महाराष्ट्राला हे नवीन नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवले. त्यांत शाळेचे तोंड न पाहिलेल्या दलित स्त्रियाही होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, त्यांच्या हातून त्याच गावाची बाळंतपणे झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि तिथले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज आशा ज्या घरभेटी देते, त्यांचे मूळ तिथे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी टिकवण्यासाठी २०१० मध्ये शिफारशी केल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारल्या. त्यांत पैसा आहे, सक्तीची सेवा आहे, राहण्या-शिकण्याच्या सोयी आहेत. आणि पहिल्याच गटात हे आहे की ग्रामीण पार्श्वभूमीच्या मुलामुलींना आरोग्यशिक्षणात प्रवेश द्या, कारण परत जाऊन राहण्याची शक्यता त्यांचीच जास्त असते.

आपल्याकडे या दिशेचा एक नियम झाला. राज्यपालांनी २०१४ मध्ये काढलेल्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांमधून भरायचे ठरले. त्यात एएनएम आणि बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारीही आहेत. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निवड झालेली मुलेमुली नेमणुकीसाठी रस्त्यावर बसली. आपल्यातलेही काही जण मला विचारतात, त्या भागातल्या आपल्या मुलांच्या जागा गेल्या त्याचे काय? त्यांची बेचैनी मला कळते, त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांचा विचार व्हायलाच हवा. पण कोरकू बाळंतिणीला कोरकू बोलणारी नर्स मिळाली तर तो माझा पराभव नाही. जे मला सव्वादोन वर्षांत धड जमले नाही, ते ती पहिल्या दिवशी करील. आपल्या वस्त्यांसाठीही आपण हेच मागू : आमच्यातल्या मुली शिकवा आणि आमच्याजवळच नेमा.

आपण काय करू शकतो?

संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. कर्तव्याची आठवण करून द्यायला मोर्चाच लागतो असे नाही. महिला मंडळाने पुढच्या बैठकीत ही कामे वाटून घ्यावीत.

पहिले, आपल्या आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे विचारा. उपकेंद्र मैदानी भागात ५ हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात ३ हजार लोकसंख्येला एक असावे. प्राथमिक आरोग्य केंद्र अनुक्रमे ३० हजार आणि २० हजारांना. तोंडी उत्तर मिळाले नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. डॉक्टरांबरोबर नर्स, चालक, तंत्रज्ञ ही पदेही विचारा.

दुसरे, निवासस्थान स्वतः जाऊन पाहा. दाराला कडी आहे का, पाणी येते का, वीज आहे का, बाहेर दिवा आहे का? दुरुस्तीचा विषय रुग्ण कल्याण समितीत लेखी मांडा. बाई मुख्यालयी राहत नाही अशी तक्रार करण्याआधी ती राहील कुठे, हे पाहू.

तिसरे, ग्रामसभेत ठराव घ्या की गावात आलेल्या नर्सला, आशाला, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला जात न विचारता खोली मिळेल. आणि हा नियम आपल्या वस्तीलाही लावा. भटक्या समाजातली, मुस्लिम, आदिवासी मुलगी नर्स होऊन आली तर आपल्या घरातली खोली तिला उघडी असावी.

चौथे, मुली शिकवा. एएनएम दोन वर्षांचा आणि जीएनएम तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दोन्हींना बारावी लागते. विज्ञान शाखा नसली तरी जीएनएमला ४० टक्के गुण आणि इंग्रजी विषय असला की दार उघडते. अनुसूचित जातीच्या मुलींना पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला प्रवेशाच्या घाईत मिळत नाही, जातीचा दाखला दहावीतच काढून ठेवा. संस्थेत प्रवेश घेण्याआधी तिला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

गेल्या पावसाळ्यात एका आरोग्य शिबिराच्या निमित्ताने मी त्या वस्तीवर गेले होते. ओसरीची कुडाची भिंत आता विटांची झाली आहे. आत आशाताईची नात अभ्यास करत बसली होती. बारावीला आहे, एएनएमला जायचे म्हणते. जातीचा दाखला आहे, उत्पन्नाचा काढायचा राहिला होता. आम्ही तिघी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तहसीलला गेलो.